चौरंगावरून काढलेला बाण

आप्पांनी नॅपकिन मागितला.

कापडी नव्हे, कागदी. अनघाने तो स्वयंपाकघरातून आणून दिला. आप्पांनी तो चौरंगावरच्या लोखंडी बाणाभोवती गुंडाळला, बाण उचलला, दिवाणखाना ओलांडून दारापर्यंत गेले आणि चपलांच्या रॅकवर, कुणाच्या तरी जँडल्सशेजारी, म्हणजे रबरी सपातांशेजारी, त्यांनी तो ठेवला.

"चौरंगावर नको. देव आहेत ना तिथे," ते म्हणाले. "हे इथे बरं."

मग त्यांनी हात धुतले. नळ बराच वेळ चालू होता.

तो बाण माझ्या वडिलांचा होता.

घटना क्रमाने सांगते, कारण या घटनेत क्रमाला महत्त्व आहे. घर न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातले. मालक मंदार, मूळचा पुण्याचा. जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत तो माझा वरिष्ठ आहे. महाराष्ट्रात मी शाळेत भूगोल शिकवत असे; न्यूझीलंडला आल्यावर नव्याने शिकून या कामाकडे वळले. इथे स्वतःच्या सहीने जमिनीची हद्द ठरवायची असेल तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी, ज्याच्या हाताखाली काम केले त्याची शिफारस लागते. माझी शिफारस मंदारने करायची आहे. अनघा त्याची बायको. आप्पा त्याचे वडील. ते आपल्याकडच्या भूमी अभिलेख खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि सध्या मुलाकडे राहायला आले आहेत.

दिवस खंडेनवमीचा, शनिवार. मंदारने इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर लिहिले होते, "आपापली हत्यारं घेऊन या. जितकं जुनं तितकं भारी!" माझ्या घरी पूजा होत नाही. माझ्या बापाने ती गावातच सोडली. पण माझी मुलगी मैत्री हिने माझ्या खांद्यावरून तो निरोप वाचला आणि ती ओरडली, "आजोबाज् पिन! मम, वी हॅव टू टेक आजोबाज् पिन!"

म्हणून आम्ही बाण घेऊन गेलो.

चौरंगावर देवीची तसबीर होती. पुढे लॅपटॉप, कुणाचा स्टेथोस्कोप, आमच्या मोजणीयंत्राची पेटी, एक कॉर्डलेस ड्रिल. इथे या दिवसांत झेंडू मिळत नाही, म्हणून कोवाईच्या झाडाची पिवळी फुले वाहिली होती. "ड्रिलला डबल कुंकू लावा रे, वॉरंटी संपलीय त्याची," कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. मैत्रीने बाण अलगद मधोमध ठेवला.

आप्पांना तो दिसला.

"अरे! साखळीचा बाण!" त्यांनी तो उचलला. दोन्ही हातांत घेतला. नुसत्या हातांत. मुलांना जवळ बोलावून सांगू लागले, "हे बघा, पूर्वी जमीन लोखंडी साखळीने मोजायचे. साखळी संपली की तिथे हा बाण रोवायचा आणि पुढे जायचं. आता कुठे मिळतो हो बघायला!" त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी स्वतःच तो परत चौरंगावर ठेवला आणि त्याच्या कडीत एक पिवळे फूल अडकवले. "कुणी जपला इतका?"

"माझ्या वडिलांचा आहे," मी म्हणाले. "ते मोजणी खात्यात होते."

"अरे वा! म्हणजे आमच्याच खात्यातले! सर्व्हेअर?"

"नाही. साखळीवर होते."

"साखळीवर." ते थांबले. "गाव कोणतं म्हणालात?"

मी सांगितले.

"आणि माहेरचं आडनाव?"

मी सांगितले.

ज्या माणसाने आयुष्य जमिनीच्या हद्दी काढण्यात घालवले त्याला आडनावावरून माणसाची हद्द काढायला वेळ लागत नाही. त्यांनी एकदा बाणाकडे पाहिले. एकदा स्वतःच्या हातांकडे.

मग त्यांनी नॅपकिन मागितला.

खोलीत पंधरा-वीस माणसे असतील. सगळी शिकलेली. सगळ्यांनी पाहिले. अनघा म्हणाली, "चला, वडे गरम आहेत तोवर घ्या." कुणीतरी चटणी मागितली. मंदार खाली वाकून चार्जरची वायर सोडवत बसला. वायरला गुंता नव्हता.

बोलली फक्त मैत्री. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारले, "मम, व्हाय इज आजोबाज् पिन विथ द जँडल्स?"

मी दारापाशी गेले. बाण उचलला. फूल तिथेच पडले होते, ते तिथेच राहू दिले. मैत्रीचा हात धरला आणि बाहेर पडले.

गाडीत तिने बाण मांडीवर आडवा धरला होता. "इज इट डर्टी?"

"नाही."

"देन वॉट डिड वी डू?"

मी भूगोलाची शिक्षिका. अक्षांश, रेखांश, समोच्च रेषा, सगळे मुलांना पटेल असे शिकवले. या प्रश्नाचा धडा मला कुणी शिकवला नव्हता. मला तो फक्त दाखवला गेला होता, एकदा, एका विहिरीपाशी.

तेव्हा मी मैत्रीएवढीच होते. शाळेला सुट्टी होती आणि बापाची भाकरी घेऊन मी शिवारात गेले होते. एका बागायतदाराच्या जमिनीची मोजणी चालली होती.

साखळीने मोजणी कशी होते ते आधी सांगायला हवे. दोन माणसे लागतात. पुढचा साखळी ओढत जातो. मागचा आपले टोक बाणाशी धरून पक्का उभा राहतो. मागचा जागचा हलला, तर पुढचे सगळे माप चुकते. रेघ सरळ जायला हवी. वाटेत तळे, घर, खड्डा आला तर रेघेपासून काटकोनात बाजूला व्हायचे, अडथळ्याच्या कडेने समांतर जायचे आणि पुन्हा काटकोनात मूळ रेघेवर यायचे. पुस्तकात याला ऑफसेट म्हणतात. माझा बाप वळसा म्हणायचा.

ही पद्धत इंग्रज सरकारने घालून दिली. माझ्या आज्याने गोऱ्या साहेबाची साखळी ओढली, बापाने देशी साहेबाची. त्याच्याही आधीपासून गावाची शीव दाखवणे हे आमच्या लोकांचे काम. शिवेचा दगड कुठे आहे ते आम्हाला विचारायचे. शिवेच्या आत आम्ही कुठे पाऊल ठेवायचे ते मात्र गावाने सांगायचे.

त्या दिवशी रेघ विहिरीच्या काठावरून जात होती. काठ चांगला रुंद, दगडी, बांधलेला. बैलजोडी जाईल एवढा. बाप साखळी घेऊन तिथवर पोचला आणि बागायतदाराने आवाज दिला.

"ए! तू तिकडून नको. फिरून ये."

बाप थांबला. त्याने साहेबाकडे पाहिले. साहेबाने हातातल्या पाटीवरून मान वर केली नाही. म्हणाला, "ऑफसेट घ्या."

बाप रेघेतून बाजूला झाला. उसाच्या कडेने चिखलातून गेला. पलीकडे रेघेवर आला. साहेब मात्र विहिरीच्या काठावरूनच चालत गेला. मध्ये थांबून त्याने पाणी प्यायले.

मोजणी झाली. साखळी गुंडाळायच्या आधी बागायतदाराच्या घरातली बाई कळशी घेऊन आली आणि जमिनीवर पसरलेल्या साखळीवर तिने पाणी ओतले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाप बाजूला उभा होता. ती गेल्यावर त्याने आपल्या डोक्याचे मुंडासे सोडले आणि साखळीची कडी न् कडी पुसली. गंज चढू नये म्हणून.

परतताना मी विचारले, "बा, विहिरीचा अडथळा होता म्हणून वळसा घेतला का?"

"विहिरीचा असता तर सायेब पण वळला असता," बाप म्हणाला.

त्या वाटेवर मला कळले की अडथळा कोण होता.

मोठी झाल्यावर मी तो नकाशा पाहिला. रेघ सरळ आहे. पद्धतच तशी आहे: वळसा गणितात जिरून जातो. जो माणूस चिखलातून फिरून आला त्याची कागदावर खूण उरत नाही. पुढे खात्यातून साखळ्या गेल्या, भंगारात निघाल्या, तेव्हा बापाने एक बाण मागून घेतला. मरेपर्यंत तो त्याला तेल लावत असे.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मला मंदारबरोबर मोजणीला जायचे होते. डोंगर ओलांडून वायरारापात. तिसरा हेमी. तो माओरी आहे, साठीकडे झुकलेला, आमच्या कंपनीत यंत्रे वाहतो, खुणा शोधतो. त्या भागात त्याचे आजोळ. आम्ही मोजणार होतो ते त्याच्या पूर्वजांचे दफनस्थान. दीडशे वर्षांपूर्वी सरकारी मोजणीदारांनी शेतांचे चौकोन पाडताना एक हद्द थेट त्या दफनस्थानातून नेली होती. अर्धे थडग्यांसकट एका शेतात गेले, अर्धे दुसऱ्यात. आता ते वेगळे काढून त्यांच्या लोकांना परत द्यायचे होते.

हेमी इंग्रजीत बोलतो. मी मराठीत देते. कुंपणाला टेकून तो म्हणाला, "ते खुंट्या रोवायचे, माझी पणजी आणि तिच्या बहिणी उपटायच्या. ते परत रोवायचे. त्यांच्यामागे बंदुका होत्या, म्हणून शेवटी खुंट्या राहिल्या." मग हसला. "आमचे काही बापे त्यांचीच साखळी ओढायचे. पोट होतं ना."

मी यंत्राच्या भिंगातून त्या जुन्या रेघेकडे पाहिले. माझ्या गावात रेघेने वळसा घेतला, कारण मध्ये आम्ही होतो. इथे रेघेने माणसांच्या मेलेल्या पूर्वजांनाही वळसा घेतला नाही. दोन्ही नकाशे स्वच्छ. दोन्ही सुबक. दोन्हींवर सरकारी शिक्का. मला भरून आले. मी भिंग पुसल्याचे निमित्त केले.

काम संपवून बाहेर पडताना फाटकापाशी हेमीने पाण्याची बाटली उघडली. दफनस्थानातून निघताना हात धुवायचे, ही त्यांची रीत. त्याने आधी माझ्या हातांवर पाणी घातले, मग मंदारच्या, मग बाटली माझ्याकडे देऊन स्वतःचे हात पुढे केले. मी त्याच्या हातांवर पाणी घातले.

हेमी गाडीत सामान भरायला गेला. मंदार हात झटकत म्हणाला, "सेम आपल्यासारखंच आहे ना? स्मशानातून आलं की."

"नाही," मी म्हणाले. "इथे सगळे धुतात. तुमच्याकडे मला शिवल्यावर धुतात."

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "हे बघ, शनिवारचं. आप्पा जुन्या वळणाचे आहेत. मनावर नको घेऊस. अनघालाही खूप वाईट वाटलं."

"आप्पांना वाटलं का?"

"त्यांचं वय बघ ना."

"बाण हातात धरून मुलांना शिकवत होते तेव्हा त्यांचं वय कमी होतं का?"

"मी सॉरी म्हणतोय ना! अजून काय हवंय तुला?"

मी शिक्षिकेसारखे विचारले. तशीच सवय आहे. "मंदार, काम करताना हद्दीची खूण हलली तर आपण काय करतो?"

उत्तर त्याला येत होते.

"परत बसवतो," मी म्हणाले. "कुठे? होती त्याच जागी. अंदाजाने नाही, जवळपास नाही. शेतकऱ्याला फाटकापाशी गाठून सॉरी म्हटलं तर खूण बसली असं आपण लिहितो का?"

"अगं, ते वेगळं."

"आप्पांनी बाण नुसत्या हाताने उचलायचा आणि जिथून काढला तिथे ठेवायचा. तीच माणसं समोर असताना. मला हळदकुंकू नको. मला ती जागा हवी आहे."

"ते शक्य नाही," तो म्हणाला. लगेच म्हणाला. त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही. मग आवाज खाली आणून: "आणि प्लीज, ऑफिसात हे काढू नकोस. या लोकांना काय कळणार? आपलीच बदनामी. तुझ्या लायसन्सचंही आहे पुढच्या महिन्यात. रेकमेंडेशन तर मी देणारच आहे."

दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की त्यांचा संबंध सांगावा लागत नाही. तोही मला फिरूनच ये म्हणत होता. आवाज फक्त मऊ होता.

परतीच्या वाटेवर धुके होते. मी पूर्ण रस्ता बाहेर पाहत बसले. मला परवाना हवा आहे. खूप हवा आहे. माझ्या बापाने साखळी ओढली आणि नकाशावर सही दुसऱ्याची झाली. त्याच्या बापाचेही तेच. खाली माझी सही असलेला एक नकाशा, एवढेच मी मागत आले आहे. तोंड मिटले की मिळणार होता. तोंड मिटण्याची घरात परंपरा होती. बापाने साखळी पुसली तेव्हा त्याचे तोंड मिटलेले होते. त्याला दोष देत नाही. त्याच्या पाठीमागे चार पोटे होती. माझ्यामागे एक मुलगी आहे आणि तिचा एक प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सगळे जमले. जोआन आमच्या ऑफिसची प्रमुख. तिने सहज विचारले, "तुमचा सण कसा झाला?"

"लव्हली," मंदार म्हणाला. "एकदम स्वीट."

मग त्याने माझ्याकडे पाहिले.

मी कप खाली ठेवला. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याशी गेले आणि एक सरळ रेघ काढली. रेघेवर एक गोल. म्हणाले, ही विहीर. काटकोनात बाहेर, समांतर पुढे, काटकोनात परत. म्हणाले, हा ऑफसेट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आता अडथळा ओळखा. कुणीतरी म्हणाले, विहीर. मी म्हणाले, नाही. मोजणीदार विहिरीवरूनच चालत गेला. अडथळा साखळी धरणारा माणूस होता. तो माझा बाप.

मग शनिवारचे सांगितले. नॅपकिन, रॅक, नळ. काही गाळले नाही, काही वाढवले नाही. दोनदा थांबले, पाणी प्याले आणि पुढे सांगितले.

"हा घरगुती विषय आहे," मंदार इंग्रजीत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाण घरगुती नव्हता," मी म्हणाले. "सरकारी होता."

जोआन म्हणाली, काय बोलावे ते तिला सुचत नाही. आणि ते खरे होते. हेमी उठला, सगळ्यांचे कप गोळा केले आणि विसळायला घेऊन गेला. फळा मात्र कुणी पुसला नाही.

या गोष्टीला काही दिवस झाले. मंदार आता माझ्याशी मराठीत बोलत नाही. कामापुरते इंग्रजी. ग्रुपवर एका बाईने लिहिले, "इथे येऊनही या लोकांना जात सोडवत नाही." त्याखाली अंगठे उमटले. मी ते मोजले नाहीत. एकीने वेगळा निरोप पाठवला, तुझं बरोबर आहे, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आप्पा परत जायला निघाल्याचे कानावर आले. निरोप समारंभ आहे. मला बोलावणे नाही.

शिफारस आलेली नाही. जोआन म्हणते, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली काम करावे लागेल आणि कामाची नोंद पहिल्यापासून सुरू करावी लागेल. करीन. पहिल्यापासून करीन.

काल मैत्रीने बाणाला तेल लावले. कडीपासून टोकापर्यंत, हळूहळू, तिच्या आजोबांना तिने कधी पाहिले नाही तरी अगदी त्यांच्यासारखे. मग विचारले, "आपण परत गेलो, अँड दे मूव्ह इट अगेन?"

सुरुवातीचे शब्द मराठीत आले म्हणून मी तिच्याकडे नीट वळून बसले आणि मराठीतच सांगितले. परत ठेवायचा. पुन्हा काढला तर पुन्हा ठेवायचा. कुणी फिरून ये म्हणाले तर जायचे नाही. काय अडते ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचे, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

आप्पांच्या निरोपाला मी जाणार आहे. बोलावणे नसताना. देवासाठी नाही, वादासाठी नाही. चौरंगाच्या त्या जागेवर बाण ठेवणार आहे आणि आप्पांना सांगणार आहे की हे माप तुम्ही अर्धे सोडले आहे. मग तिथे उभी राहणार आहे. साखळीचे मागचे टोक धरणारा माणूस जसा उभा राहतो तशी, टाच रोवून. पलीकडचे टोक कुणी उचलो न उचलो. मी रेघेवरून हलणार नाही.